नियम एकतीस : निरंक

९ जून, सोमवार

भोपाळहून प्रश्नावली आली! विधानसभेची समिती जुने सरकारी नियम तपासते आहे — कोणता ठेवायचा, कोणता सुधारायचा, कोणता काढून टाकायचा. समितीनं विभागाला विचारलं, विभागानं कलेक्टरांना, तिथून आमच्या शाखेला, आणि ऑफिस सुटायच्या वेळी तो गठ्ठा माझ्या टेबलावर. अरविंदजी — आमचे बडे बाबू — म्हणाले, कॉलेजात राजनीतीशास्त्र घेतलं होतं ना, आता भोग.

भोग कसला? खोलीवर घेऊन आले. वाचतेच आहे.

वेगवेगळ्या पक्षांचे आमदार असतात समितीत. सभागृहात एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, पण इथे एका टेबलाशी बसून ओळ-ओळ वाचतात. सरकारनं कायद्याच्या आधारानं नियम केला — तो कायद्याच्या बाहेर तर जात नाही? लोकांना त्याचा उपयोग आहे की नुसता जाच? असं विचारणारं कोणी असतं, हे मला परीक्षेत लिहितानाही खरं वाटत नव्हतं. आणि आता त्यांना उत्तर मी लिहिणार. कंत्राटी असले म्हणून काय झालं!

डिंपल माझ्याच शाखेत आहे आणि याच खोलीत राहते. ती म्हणते, "मॅडम, असे गठ्ठे येतच राहतात. लग्नातल्या अक्षतांसारखं करायचं — टाकायच्या आणि जेवायला पळायचं."

दिवसभर हिंदीत टाईप करते. इथे तरी मराठी.

१० जून, मंगळवार

नियम एकतीस फार आवडला. नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होती त्या काळचा असावा. सौंसर आणि पांढुर्णा, या दोन तहसिलींपुरताच. तहसील कचेरीत बयान, म्हणजे जबाब, देणारा माणूस मराठी बोलणारा असेल, तर सही-अंगठ्याच्या आधी त्याचं बयान त्याला मराठीत वाचून दाखवावं, आणि त्या वेळी त्याच्या गावचा, दोन्ही भाषा समजणारा एक माणूस हजर ठेवावा.

कोणी लिहिलं असेल हे? कोणत्या तरी साहेबाला वाटलं असेल ना, की कागदात काय लिहिलंय ते समोरच्या बाईला कळलं पाहिजे.

प्रत्येक नियमापुढे एक रकाना आहे — मागच्या दहा वर्षांत उपयोग किती वेळा? मी अरविंदजींना विचारलं, हे कुठून काढायचं? ते म्हणाले, आपला पांढुर्णा जिल्हा २०२३ चा. त्याआधीचं सगळं छिंदवाड्याला. छिंदवाड्याला फोन लावला. तिथल्या बाबूंनी सांगितलं, सौंसर-पांढुर्णा आता आमच्यात नाही, आम्ही निरंक पाठवून राहिलो.

"मग तूही निरंक लिही," अरविंदजी म्हणाले. "आकडा लिहिला की परिशिष्ट लागते. परिशिष्ट लावलं की त्याच्यावर प्रश्न येते. निरंकला काहीच लागत नाही."

लिहिलं. निरंक. ओळीनं सगळीकडे.

१३ जून, शुक्रवार

उत्तर गेलं. आजूबाजूच्या सगळ्या जिल्ह्यांत आमचं पहिलं! साहेबांनी अरविंदजींना शाबासकी दिली, अरविंदजींनी आम्हाला समोसे. माझ्या प्लेटमध्ये चटणी नव्हती. डिंपल म्हणाली, "हिच्या चटणीची माहिती निरंक." खूप हसलो.

२४ जून, मंगळवार

आज रजा घेऊन सौंसरला गेले. तहसिलीत जयवंता आत्याची पेशी, म्हणजे सुनावणी, होती. जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

मागच्या वर्षी आबा, माझे आजोबा, गेले. लोधीखेड्याजवळचं शेत त्यांच्या नावावर होतं — कापसाचं रान आणि विहिरीकडचा संत्र्याचा तुकडा. आता फौतीत वारसांची नावं चढवायची. वारस दोनच. माझे बाबा आणि आत्या. आत्या विधवा, मूलबाळ नाही, मोहगावला दिराच्या घरी राहते. माझी कॉलेजची सगळी वर्षं मी तिच्याजवळ काढली. तिच्या दिराच्या स्वयंपाकघरात ती स्वतःसाठी दुसरी भाकर मागत नाही, हे मी पाहिलंय. तिला विहिरीकडचा तुकडा पाहिजे. आणखी काही नको. माझ्याजवळ म्हणाली होती, "माह्या नावाचं एक ठिकाण पायजे, बाई. कोणी ऊठ म्हटलं त जाऊन बसाले."

वकिलानं बयान आधीच टाईप करून आणलं होतं. बाबांनीच लावलेला वकील — दोघांचं काम एकच म्हणून. आत्यानं पेन हातात धरला. तहसीलदारांचे रीडर, म्हणजे कारकून, चेतनभाऊ म्हणाले, "थांबा मावशी, वाचतो न." लोधीखेड्याचे कोटवार, म्हणजे गावचे चौकीदार, दादाराव तिथेच बाकावर होते, त्यांना जवळ बोलावलं. मग हिंदी कागद समोर धरून मराठीत सांगत गेले. तुम्ही जयवंता, अमक्याची मुलगी, हे बरोबर? बरोबर. वडील वारले, बरोबर? बरोबर. "आणि बापाच्या शेतात तुम्हाला हिस्सा नको, सगळं भावाच्या नावावर चढवाले तुमची हरकत नाही."

आत्या म्हणाली, "हे मी कधी म्हणलं?"

वकील चष्मा पुसायला लागला. दादाराव म्हणाले, "बाई, आयकून घेतलं म्हणून बरं. नाही त उद्या आपल्याच शेतात पाहुणी म्हणून गेली असती." चेतनभाऊंनी ती ओळ काटली, हिस्सा पाहिजे असं लिहिलं, पुन्हा वाचलं, मग सही घेतली. पुढची तारीख दिली.

बाबा दारात उभे होते. भिंतीवरचा मच्छर-मलेरियाचा फलक वाचत. बराच वेळ वाचत होते.

आणि मला तेव्हा कळलं की माझ्या डोळ्यांपुढे नियम एकतीस झाला! बयान मराठीत वाचलं, गावचा माणूस हजर. चेतनभाऊंना विचारलं, असं नेहमी करता? म्हणाले, रोजचंच आहे, यात काय. कुठे नोंद? म्हणाले, नोंदीचा रकानाच नाही तर लिहू कुठं.

पांढुर्ण्याहून सौंसरला एक फोन पुरला असता. एक फोन.

परत निघताना बाबांनी स्टँडवर आत्याला भजी घेऊन दिली. तिनं अर्धी त्यांच्याच हातावर ठेवली. दोघं एका बाकावर बसून खात होती. मला काय वाटावं तेच समजेना.

२९ जून, रविवार

घरी. बाबांना विचारलंच. ते वकिलानं लिहिलं होतं की तुम्ही सांगितलं होतं?

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं गेलं असतं. म्हणाले, "बहिणी सोडतात, दिपू. तुह्या आईनं सोडलं. तिच्या आईनं सोडलं. शेत घेतलं की मग बहीण दिवाळीले कोणाच्या घरी येईन? मी तिले कधी रिकाम्या हातानं पाठवलं का?"

नाही पाठवलं. खरं आहे ते.

मी म्हटलं, मग माझंही राजूसाठी सोडायचं? राजू धाकटा, त्याच्यासमोरच बोलले. बाबा म्हणाले, तुला शिकवलं ना. राजू फोनमधून मान वर न करता म्हणाला, "ताई, घे न तू सगळं. मी रील बनवतो." आई हसली. मग भांडी घासताना मला हळूच म्हणाली, "घरातलं घरात राहू दे. बापाले कचेरीत उभं करशीन काय तू?"

३० जून, सोमवार

अरविंदजींना सगळं सांगितलं. घरचं नाही, फक्त नियमाचं. की उपयोग होतो, रोज होतो, आपलं उत्तर चुकलं, दुरुस्ती पाठवू.

त्यांनी दार लोटून घेतलं. म्हणाले, एकदा निरंक गेलं की गेलं. दुरुस्ती पाठवली तर समिती पहिलं विचारेल, आधी खोटं का लिहिलं? विधानसभेला चुकीची माहिती देणं ही लहान गोष्ट नाही. साहेब मला विचारतील. "अन् मी काय दाखवीन? मसुद्यावर आद्याक्षरं तुझी आहेत." मार्चमध्ये माझं कंत्राट संपतं, हे त्यांनी म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती.

मग मऊ आवाजात म्हणाले, पोरी, समिती काही मूर्ख नसते. दौऱ्यावर येऊन राहिली. तेव्हा कोणी ना कोणी सांगेल.

कोणी ना कोणी!

२ जुलै, बुधवार

दुरुस्तीचा मसुदा केला. पाठवला नाही.

१७ जुलै, गुरुवार

समिती आली. विश्रामगृहाला नवीन पडदे. मी फायली हातात देण्यासाठी मागे उभी. नवी साडी नेसले होते. का नेसले कोण जाणे.

मला वाटलं होतं गोंधळ असेल. तसं काही नव्हतं. सभापती म्हातारे, सावकाश बोलणारे. एकेक नियम वाचत, भोपाळहून आलेल्या विभागाच्या अधिकाऱ्याला विचारत — हा कशासाठी केला होता? आता गरज आहे? मूळ कायद्यातलं कलमच बदललं, मग नियम कोणत्या आधारावर उभा? काही ठिकाणी अधिकाऱ्याला घाम फुटला. एका नियमात दंड होता, आणि कायद्यात दंड लावायचा अधिकारच दिला नव्हता. तो त्यांनी तिथल्या तिथे पकडला. विरोधी पक्षाचे एक आमदार होते, त्यांनी आणि सभापतींनी मिळून एका वाक्याची नवी रचना केली. किती सुंदर काम आहे हे! मी कॉलेजात ज्याच्यासाठी हट्ट धरला होता ते हेच.

मग नियम एकतीस. सभापतींनी वाचला, चष्मा काढला. दोन्ही जिल्ह्यांकडून निरंक. मग हा कशासाठी ठेवला आहे? एक बाई सदस्य होत्या, त्या म्हणाल्या, राहिला तर कोणाचं काय बिघडतं. विभागाचा अधिकारी म्हणाला, वापर नसलेले नियम काढणं हेच तर समितीचं काम. आता सगळेच हिंदी समजतात. सभापतींनी खोलीभर नजर फिरवली. इथे कोणाला काही सांगायचं आहे?

आणि मग मला माझाच आवाज ऐकू आला. म्हटलं, सर, याचा उपयोग होतो. सौंसरला होतो.

त्यांनी खुर्ची पूर्ण माझ्याकडे वळवली. रागानं नाही. चांगल्या माणसासारखे बघत होते, तेच सोसत नाही.

"कोई उदाहरण है, बेटा?"

उदाहरण मनात तयार होतं. जयवंता, राहणार मोहगाव. तिचा भाऊ मधुकर, राहणार लोधीखेडा. त्यानं लावलेल्या वकिलानं लिहिलं, हिस्सा नको. वाचून दाखवलं म्हणून ती वाचली. मी तिथे उभी होते, सर. मी त्या मधुकरची मुलगी.

अरविंदजी टेबलाकडे पाहत होते. पण त्यांच्यामुळे नाही. त्यांच्यामुळे थांबले असं लिहिलं तर या वहीशीही खोटं बोलल्यासारखं होईल. मला बाबा दिसले — त्या फलकापुढे उभे.

मी म्हटलं, "सर, सुना है।"

सभापतींनी लिहून घ्यायला पेन उघडला. त्यांना वाटलं असेल मी अजून काही बोलेन. मग म्हणाले, ऐकीव गोष्टीवर समिती नियम ठेवू शकत नाही, पण लोकांच्या सूचना महिनाभर घेतो आहोत, लिहून पाठव. आणि पुढच्या नियमाकडे वळले.

१८ जुलै, शुक्रवार

सुना है. पाहिलं होतं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि सुना है!

१ ऑगस्ट, शुक्रवार

समितीला सूचना पाठवली. नागरिक म्हणून, घरच्या पत्त्यानं. नियम एकतीस ठेवावा, या भागात मराठी बोलणारे लोक आहेत, विशेषतः बायका, त्यांच्या हिताचा आहे, वगैरे. दोनदा उदाहरण लिहिलं, दोनदा काढलं. गेलं ते उदाहरणाशिवाय.

डिंपलनं वाचलं. म्हणाली, भाषण चांगलं आहे, पण माणूस कुठे आहे यात?

२५ ऑगस्ट, सोमवार

गोटमारीची दगडफेकीची जत्रा आटोपली. पोळ्याच्या आधीपासून ऑफिसात दुसरं कामच नव्हतं — बंदोबस्त, रुग्णवाहिका, कोण किती जखमी. समितीचं नाव कोणाच्या तोंडी नाही. आत्याची पेशी पुन्हा पुढे ढकलली. तहसीलदार साहेब मेळ्याच्या ड्यूटीवर होते.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. आत्या आली होती. बाबांनी तिला हिरवी साडी घेतली, तीच तिनं लगेच नेसली. ओवाळताना म्हणाली, माह्या भावाचं चांगलं होऊ दे. बाबा म्हणाले, आता पेशी-बिशी पुरे, आपसात समजून घेऊ, वकिलाकडून समजुतीचा कागद करू. आत्यानं विचारलं, विहिरीकडचं माझं ना? बाबा म्हणाले, "तुहं काय अन् माहं काय?"

आत्या हसली. मीही हसले. मी का हसले? तेव्हाच बोलायचं होतं — बाबा, हो की नाही, ते सांगा. पण घरात करंज्यांचा वास, राजूचे फटाके, सगळे किती खूश होते.

४ डिसेंबर, गुरुवार

समितीचा अहवाल विधानसभेत मांडला गेला. अरविंदजींनी प्रत दाखवली. नियम एकतीस — दोन्ही संबंधित जिल्ह्यांत उपयोग निरंक. एक सूचना प्राप्त, पण सामान्य स्वरूपाची, उदाहरणाशिवाय, म्हणून अमान्य. शिफारस : विलोपित करावा.

ती एक सूचना म्हणजे मी.

वाईट याचं वाटतं की अहवाल चांगला आहे. कितीतरी जाचक नियम काढलेत. एका ठिकाणी लिहिलंय की साध्या दाखल्यासाठी दोन साक्षीदार मागू नयेत. लोकांचे किती फेरे वाचतील. त्यांनी जे विचारायला पाहिजे ते सगळं विचारलं. उत्तरं आम्ही दिली.

१९ जानेवारी, सोमवार

सरकारनं शिफारस मानली. राजपत्रात आलं. आता तहसिलींना कळवायचं आणि पालन झाल्याचं समितीला परत कळवायचं. ते पत्रक टाईप करायला माझ्याकडेच. "नियम ३१ विलोपित." टाईप केलं. सौंसर, पांढुर्णा, दोन्हीकडे गेलं.

संध्याकाळी अरविंदजी म्हणाले, कंत्राट वाढवायच्या यादीत तुझं नाव वर ठेवलंय. काम नीटनेटकं करतेस.

मी धन्यवाद म्हटलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आत्याची पेशी होती आज. मी येते म्हणून तिला फोनवर सांगितलं होतं. सकाळी साहेबांनी पालन अहवाल आजच पाहिजे म्हणून सांगितलं, रजा रद्द. दुपारी चेतनभाऊंना फोन केला — उचलला नाही. बाबांना केला. म्हणाले, झालं सगळं, आता मिटलं, तू जेवली का?

१५ फेब्रुवारी, रविवार

मोहगावला आत्याकडे.

अंगणात तूर निवडत बसली होती. मी कागदाची नक्कल मागून घेतली, वाचली. समजुतीचा कागद. स्वेच्छेनं, कोणत्याही दबावाशिवाय, संपूर्ण हिस्सा भावाच्या हक्कात सोडते. खाली तिची सही — मी शिकवलेली नाही, तिला आधीपासून येत होती, शाळेत दुसरीपर्यंत गेली होती — सुरेख, गोल.

मी तिला मराठीत वाचून दाखवलं. आता, अंगणात.

ती निवडत राहिली. खडा सापडला, तो बाजूला टाकला. चेतनभाऊंनी वाचलं नाही का, मी विचारलं. म्हणाली, तो वाचणार होता. साहेब म्हणाले, वरून पत्र आलं, आता ते करायची गरज नाही, लवकर आटपा, बाहेर लोक उभे आहेत. कोटवारालाही बोलावलं नाही. साहेबांनी विचारलं, मंजूर? मी हाव म्हटलं. "तू त तेथीच काम करते न, बाई. मले वाटलं तू पायलं असशीन."

मी पाहिलं होतं आत्या. मीच टाईप केलं होतं. हे तोंडातून निघालं नाही.

म्हटलं, अपील होते. एसडीएमकडे. मी लिहून देते, मी बरोबर येते, मी साक्ष देते. आता देते. तिनं सूप खाली ठेवलं.

"भावावर केस करू? अन् मग जाऊ कोठी? दिराचं घर त दिराचंच आहे. एक माहेर आहे, तेही बंद करू?" मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तू नको जीव जाळू. शेत बाहेर थोडंच गेलं?"

निघताना तिनं पिशवीत तुरीची डाळ बांधून दिली. दिराच्या बायकोला न विचारता. पहिल्यांदाच.

१६ फेब्रुवारी, सोमवार

काही लिहावंसं वाटत नाही. ऑफिसात नवीन प्रश्नावली आली. एकेका रकान्यासाठी चार-चार ठिकाणी फोन लावते आहे. डिंपल म्हणते, मॅडमला झालंय काय. अरविंदजी काही म्हणत नाहीत. एक-दोनदा त्यांनी स्वतःच नंबर काढून दिला.

उपयोग काय आता.

२७ मार्च, शुक्रवार

कंत्राट वाढलं. घरी कळवलं. आई म्हणाली, बाबा अक्षय तृतीयेला बोलावतात, नक्की ये, काहीतरी आहे.

लग्नाचं असेल. मी नाही म्हणणार. ठरवलंय.

१९ एप्रिल, रविवार

लग्नाचं नव्हतं. आबांच्या नावानं घागर भरली, जेवणं झाली, आणि बाबांनी शेताच्या मालकीची नवी पुस्तिका माझ्यापुढे ठेवली. विहिरीकडचा तुकडा. वर नाव — दीपाली मधुकर. म्हणाले, "पोरीले हिस्सा पायजे म्हणत होती न तू? राजूच्या नाही, तुह्या नावावर केला." बाबांचे डोळे भरून आले होते. आईनं माझ्या तळहातावर साखर ठेवली.

मी खाल्ली.